पाटीवर ४०, रस्त्यावर ८०: चालकाचा वेग ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातून जाणारा राज्यमार्ग रुंद होऊन काँक्रीटचा झाला. शाळा, एसटी थांबा आणि दूध डेअरी, तिन्ही रस्त्याला लागून. दोन्ही टोकांना ४० ची पाटी लागली, ‘अति घाई संकटात नेई’ लिहून झालं, तरी गाड्या ७०-८० च्या खाली येत नाहीत. जुना खड्ड्यांचा रस्ता होता तेव्हा एवढे अपघात नव्हते, असं गावकरी म्हणतात. ग्रामपंचायतीने आता स्पीडब्रेकरचा ठराव केला आहे. चालक असे का वागतात, आणि स्पीडब्रेकरच मागावा की आणखी काही?

रस्ता सुरक्षेच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. बहुतेक चालक पाटी वाचतात, पण वेग पाटीवरून ठरवत नाहीत. समोर किती लांबचं दिसतंय, रस्ता किती रुंद वाटतोय, कडेला काय उभं आहे, गाडीत आवाज किती येतोय, या सगळ्यावरून त्यांचा पाय आपोआप ठरतो. तुमच्या गावात पाटी ४० म्हणते आणि रस्ता ८० म्हणतो. अशा वेळी चालक रस्त्याचं ऐकतो. तुमचं, माझं आणि फौजदाराचंही असंच होतं.

आता एकेक करून बघू.

सगळ्यात मोठा हात असतो दिसणाऱ्या लांबीचा. ब्रेक दाबून गाडी उभी राहायला जेवढं अंतर लागतं, तेवढं तरी पुढचं दिसलं पाहिजे, या हिशोबावर रस्त्याची आखणी होते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबात ताशी ४० किलोमीटरला हे अंतर ४५ मीटर आहे, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर. चालकाला हे आकडे माहीत नसतात, पण अंदाज असतो. वळणामुळे जेमतेम ५० मीटर दिसत असेल तर तो आपणहून सावकाश येतो. रुंदीकरणात तुमच्याकडची वळणं सरळ केली, चढ कापला. आता गावाच्या अलीकडूनच गावाच्या पलीकडचा पेट्रोलपंप दिसत असणार. ज्याला अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता दिसतो त्याला ४० ची पाटी पटत नाही.

उसाच्या पट्ट्यात हे अगदी उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं. वळणाच्या आतल्या बाजूला ऊस उभा असतो तोवर पलीकडचं काही दिसत नाही आणि गाड्या गिअर उतरवून वळण घेतात. तोड झाली की त्याच वळणावर आरपार नजर जाते. रस्ता तोच, डांबर तेच, पाटी तीच, आणि गाड्या मात्र वेगाने येऊ लागतात. वर त्याच दिवसांत कारखान्याकडे निघालेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर ताशी २० ने चाललेले असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ८० ने येणाऱ्याला ही ट्रॉली दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने जवळ येते. रात्री तिचा वेग कळायला मागचा चालक जो वेळ घेतो, तेवढ्यात अंतर संपलेलं असतं.

दुसरी गोष्ट रुंदीची. दोन पदरी रस्ता म्हणजे ७ मीटर. जुन्या रस्त्याला त्याच्या कडेने मुरमाची साईडपट्टी असायची. तिचा रंग वेगळा, चाक उतरलं की खडखडाट, त्यामुळे चालक ७ मीटरमध्येच राहायचा. आता दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची साईडपट्टीही पक्की करतात. कागदावर ती वेगळी असते. डोळ्याला मात्र एकसारख्या रंगाचा १० मीटरचा पट्टा दिसतो, आणि १० मीटरमध्ये तीन गाड्या शेजारी-शेजारी मावतात हे सांगायला कुणी लागत नाही. कडेची पांढरी रेघ पुसली गेली की उरलासुरला फरकही जातो. तुमच्याकडे ओव्हरटेक करणारा साईडपट्टीवरून घुसतो, अशी तक्रार असेल तर तिचं मूळ इथे आहे.

तिसरी गोष्ट कडेची. वेग आपल्याला मुख्यतः डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो. समोरचं क्षितिज जागचं हलत नाही. बाजूने सरकणारी झाडं, खांब, भिंती सांगतात की आपण किती जोरात आहोत. त्या जितक्या जवळ आणि जितक्या दाट, तितका वेग जास्त वाटतो. जुन्या राज्यमार्गांवर दोन्ही बाजूंना वड-चिंचा होत्या, बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले. दर काही मीटरला एक पट्टा डोळ्याजवळून जायचा आणि ५० सुद्धा भरपूर वाटायचे. रुंदीकरणात झाडं गेली, कडा मोकळी झाली, आणि त्याच चालकाला ८० संथ वाटू लागले. म्हणून झाडं रस्त्याला चिकटून पुन्हा लावा असं मी म्हणणार नाही. ८० ने झाडावर आदळलेली गाडी मी पाहिली आहे. मोकळी कडा चूक करणाऱ्याला वाचवते, पण तीच त्याला चूक करण्याइतका वेगही देते. हा पेच जगात कुणाला पूर्ण सुटलेला नाही. माझं मत असं की गावाबाहेर कडा मोकळी ठेवावी आणि गावात ती जवळ आणावी, मात्र आधी वेग उतरवून.

आवाजाचं थोडक्यात. डांबराचे ठिगळ, खड्डे, खडखडणारी काच यांतून शरीराला वेग कळतो. नवं काँक्रीट आणि बंद काचांची एसी गाडी यात हे सगळं गायब होतं. कान झाकले की माणूस गाडीचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी समजतो, हे १९७० च्या सुमारास अमेरिकेत प्रयोग करून दाखवलेलं आहे. उंच एसयूव्हीत बसलेल्यालाही रस्ता संथ सरकताना दिसतो, कारण त्याचे डोळे जमिनीपासून लांब असतात. दुचाकीवाल्याला वारा तोंडावर लागतो म्हणून त्याचा अंदाज जरा बरा, असं वाटतं खरं, पण तो अंदाज त्याच्या स्वतःच्या वेगाचा असतो. मागून येणाऱ्या एसयूव्हीचा नाही.

आणि चौथी गोष्ट, जी गावकरी कधीच धरत नाहीत: गाडी कुठून आली. बराच वेळ १०० ने चालवलं की ६० म्हणजे थांबल्यासारखं वाटतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून उतरून साध्या रस्त्याला लागलेला चालक पहिली काही मिनिटं मीटर न बघता चालवत असेल, तर हमखास जास्त वेगात असतो. समृद्धी महामार्गाचं तर काय सांगावं. ७०१ किलोमीटर, आखणी ताशी १५० ची, मोटारींना सपाटीवर मर्यादा १२० ची. तिथून उतरून थोड्याच वेळात कुणी तुमच्या गावात ४० च्या पाटीपुढे आला, तर त्याला ते ४० नुसते कमी वाटत नाहीत, अशक्य वाटतात. चालक उर्मट नसतो, त्याचं मोजमाप बिघडलेलं असतं. म्हणून वेग उतरवायचा तर तो पायऱ्यांनी उतरवावा लागतो. ८० वरून थेट ४० ची पाटी लावणं हे पाटी लावल्याची नोंद करण्यापुरतं असतं.

उतार हा असाच फसवा प्रकार. तीव्र उतारानंतर सौम्य उतार आला की तो सपाट वाटतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा रस्ता अनेकांना ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनापासून सुरू झालेल्या साखळी अपघातात चाळीसहून जास्त वाहनांचं नुकसान झालं, आणि त्यानंतरही ती जागा बातम्यांतून हटलेली नाही. रुंद, गुळगुळीत, लांबवर दिसणारा उतार आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेला ट्रक. ब्रेक तापेपर्यंत चालकाला आपण उतारावर आहोत याची जाणीवच राहत नाही. पाट्या तिथे भरपूर होत्या.

आता रात्र आणि धुकं. इथे सुरक्षेसाठी केलेल्या गोष्टी कधीकधी उलट्या पडतात. फिनलंडमध्ये ८० मर्यादेच्या साध्या रस्त्यांवर कडेला रिफ्लेक्टरचे खांब लावून पाहिले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की खांबांमुळे रात्री रस्ता लांबवर दिसू लागला, वेग वाढला आणि अंधारातले अपघातही वाढले. म्हणून कुणी ‘आधी कॅट आय (रस्त्यात बसवायचे चमकणारे रिफ्लेक्टर) टाका’ म्हणालं की मी विचारतो, वेग उतरवायला काय करताय? धुक्याबद्दल तर शास्त्रज्ञांतच गंमत झाली. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं की धुक्यात वेग कमी वाटतो, म्हणून माणसं जास्त जोरात हाणतात. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की खऱ्या धुक्यात जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट असतं. तसं धुकं घेतलं की वेग उलट जास्त वाटतो आणि माणसं सावकाश चालवतात. पहिल्या प्रयोगात पूर्ण चित्रच सारखं फिकट केलं होतं. तेव्हा ‘चालकाला असं वाटतं’ हे वाक्य कुणी फार आत्मविश्वासाने टाकलं, तर कुठल्या परिस्थितीत, ते विचारून घ्यावं.

मग अपघातातल्या रस्त्याच्या या वाट्याची नोंद कुठे होते? जवळजवळ कुठेच नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत. आपल्याकडच्या फिर्यादीत ठरलेलं वाक्य असतं: ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’. रस्त्याची परिस्थिती काय होती, हे पुढच्या ओळीत कुणी लिहीत नाही. चालकाला मी मोकळं सोडत नाहीये. शाळेसमोर ८० ने जाणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण एका ठिकाणी दहा-वीस गाड्या वेगात असतील तर चालक बेफिकीर म्हणता येईल. तिथून जाणाऱ्या बहुतेक गाड्या वेगात असतील तर दोष आखणीत शोधावा लागतो.

हे उलट्या बाजूनेही तपासता येतं, आणि त्यासाठी लांब जायला नको. तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी भरतो, त्या दिवशी त्याच रस्त्यावर गाड्यांचा वेग बघा. भाजीच्या पाट्या, छत्र्या, मध्येच आडवी येणारी शेळी. पोलीस नाही, गतिरोधक नाही, आणि गाड्या पंधरा-वीसने सरकत असतात. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतात हान्स मॉन्डरमन नावाच्या वाहतूक अभियंत्याने १९८० च्या दशकात हेच सूत्र हाताशी धरलं. गावातून जाणारा रस्ता महामार्गासारखा न ठेवता गावासारखा केला: फरसबंदी, कमी पाट्या, कमी रेघा. वेग उतरला. त्याच देशातून ‘रस्त्याने स्वतःच वेग सांगावा’ हा विचार १९९० च्या दशकात आखणीच्या नियमांत गेला. मात्र त्याचं टोक गाठून पाट्या आणि रेघा काढून टाका असं कुणी आपल्या राज्यमार्गावर सुचवलं, तर ऐकू नका. तिथे अवजड वाहनं आणि लांबची वाहतूक वेगळ्या रस्त्यांवर होती. आपल्याकडे कंटेनर, एसटी, सायकलवर शाळेला निघालेली मुलगी, सगळी एकाच ७ मीटरमध्ये आहेत.

आता तुमचा ठराव. स्पीडब्रेकर मागू नका असं म्हणत नाही, पण तो कुठे आणि कसा हे नीट मागा. मानक गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा, आणि तो ताशी २५ ने ओलांडण्यासाठी असतो. आपल्याकडे घमेल्याने डांबर ओतून हातभर रुंदीचा उंचवटा करतात, त्यावर कंबर मोडते आणि अंधारात दुचाकी उडते. ८० ने येणाऱ्या गाडीपुढे अचानक २५ चा उंचवटा ठेवणं हा स्वतःच अपघात आहे. मानकांनुसार गतिरोधकाची खरी जागा म्हणजे गावातले छोटे रस्ते फाट्यावर मुख्य रस्त्याला मिळतात तिथे, त्या छोट्या रस्त्यावर. ते आधी करून घ्या, कारण फाट्यावरून न बघता सुसाट बाहेर येणारी दुचाकी हा तुमच्या अपघातांतला मोठा हिस्सा असणार.

मुख्य रस्त्यावर काय मागाल? गाव सुरू झालं हे डोळ्याला कळलं पाहिजे. पूर्वी वेस होती. आता स्वागत कमान बांधतात, पण ती आत जाणाऱ्या रस्त्यावर, आणि तिच्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स. महामार्गावर कमानीचे खांब नकोत, पण वेशीचं काम दुसऱ्या पद्धतीने होतं: रस्त्याच्या मध्ये उंच कडेचं लांबट बेट, त्यावर दोन्ही बाजूंना ठळक पाटी, आणि दोन्ही मार्गिका तिथपासून ३.५ वरून ३.२५ किंवा ३ मीटरवर. बेट रात्री दिसेल असं रंगवलेलं आणि प्रकाश असलेलं हवं, नाहीतर पहिला ट्रक त्यावरच चढेल. बेटाच्या अलीकडे आडवे थर्मोप्लास्टिक पट्टे, पुढे पुढे जवळ येत जाणारे. पट्टे जवळ येत गेले की डोळ्याला वेग वाढल्यासारखा वाटतो आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो. शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्हवर एका धोक्याच्या वळणापाशी २००६ मध्ये असे पट्टे मारले आणि पुढच्या सहा महिन्यांत तिथले अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. (जाता जाता: मुंबईत वडाळ्याला रूळ ओलांडणाऱ्यांसाठी याच्या उलट बाजूची युक्ती केली होती. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणारी लोकल किती वेगात आहे ते लोकांना कळावं. मोठी वस्तू नेहमी संथ वाटते, त्यावर तो तोडगा होता.)

गावात शिरल्यावर पक्की साईडपट्टी वेगळी दिसली पाहिजे. पेव्हर ब्लॉक, वेगळा रंग, किंवा थेट उंच कडेची पायवाट, ज्याला जेवढा निधी. शाळा आणि एसटी थांब्यासमोर झेब्रा नुसता रंगवू नका. तो लांब सपाट माथ्याच्या उंचवट्यावर घ्या, दोन्ही बाजूंना सौम्य चढ, मध्ये चालणाऱ्याला थांबायला बेट. बसथांबा झेब्र्याच्या पुढे हवा, म्हणजे बसमागून रस्ता ओलांडणारा मागून येणाऱ्याला दिसेल. पावसाचं पाणी मात्र आधी बघा. उंचवट्यापाशी मोरी किंवा गटार नसेल तर पहिल्या पावसात तिथे डबकं होतं आणि मग कुणीतरी तो उंचवटा फोडतो.

एक कागदी गोष्ट. तुमची ४० ची पाटी अधिसूचित, म्हणजे सरकारने रीतसर जाहीर केलेली, आहे का, हे तपासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली अधिसूचना नसेल तर तिच्या जोरावर केलेलं चलन टिकत नाही, आणि पोलीसही मग तिकडे फिरकत नाहीत.

मागणीबरोबर आकडे द्या. ‘गाड्या फार जोरात जातात’ हे वाक्य उपअभियंत्याच्या टेबलावर रोज येतं. रस्त्याच्या कडेला ५० मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्या. ३ सेकंद लागले तर वेग ६०, सव्वादोन सेकंद लागले तर ८०. पुढे दुसरी गाडी नसलेल्या, मोकळ्या चाललेल्या गाड्याच मोजा, कारण ट्रकमागे अडकलेल्याचा वेग त्याचा स्वतःचा नसतो. शंभर गाड्या झाल्या की कमी वेगापासून जास्त वेगाकडे क्रम लावा आणि ८५ वी गाडी बघा. शंभरातल्या ८५ गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून सावकाश जातात, आणि तो आकडा अभियंत्याला कळतो. मोजताना झाडामागे किंवा पारावर बसा. नारंगी जाकीट दिसलं की सगळे सज्जन होतात. बाजाराच्या दिवशी मोजू नका. दुपारी दोन ते चार आणि पहाटे मोजा, रस्ता रिकामा असतो तेव्हा खरा वेग दिसतो.

हे आकडे हातात असण्याचा आणखी एक उपयोग आहे. ‘ब्लॅक स्पॉट’ (वारंवार अपघात होणारी जागा) म्हणून निधी मिळायला साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत गंभीर किंवा प्राणघातक असे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू लागतात. वेगाची मोजणी पहिल्या मृत्यूच्या आधी करता येते. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका साधारण चार टक्के वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वाक्य तुमच्या आकड्यांच्या वर लिहून द्या.

पैसे एकदम मिळणार नाहीत. तेव्हा क्रम असा ठेवा: फाट्यांवरचे गतिरोधक, मग दोन्ही टोकांची बेटं, मग शाळेसमोरचा उंच झेब्रा, शेवटी पट्टे आणि रंग. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं, कारण रंग स्वस्त असतो आणि उद्घाटनाच्या फोटोत चांगला दिसतो. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा शंभर गाड्या मोजा. एकदा लगेच, आणि एकदा तीन-चार महिन्यांनी. रोज येणारे-जाणारे नुसत्या पट्ट्यांना तोवर सरावतात, आणि कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी (कामातले दोष त्यानेच दुरुस्त करायची मुदत) संपायच्या आत ते कागदावर आलेलं बरं.